एकट्यानं पिकवलेला मका

अक्कांना, म्हणजे माझ्या एकुलत्या एक आकडसासूबाईंना, धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणतोय ते अक्षरशः खरं आहे. गेले काही आठवडे मला सरळ उभंच राहता येत नाही, त्यामुळे वाटेत भेटेल त्याला माझा नमस्कार वाकूनच होतो. परवा टपाल कार्यालयातल्या कारकुनालाही झाला. तो बिचारा खुर्चीवरून उठून उभा राहिला.)

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशनही व्यवस्थित पार पडलं हे कळलं आणि जीव भांड्यात पडला. आता थेंब वेळच्या वेळी घालून घ्या, चुलीपाशी जाऊ नका, जड उचलू नका, आणि डोळ्यावरची झापडं काढून कपाटावरची धूळ पाहायचा मोह आवरा. धूळ कुठं जात नाही. आणि मुख्य म्हणजे रागावू नका. रागावल्यानं डोळ्यावर ताण येतो असं मी कुठंतरी वाचलंय. वाचलं नसेल, तरी या पत्रापुरतं तसं समजून चालावं.

पत्र तुम्हाला लिहितोय, पण वाचून कोण दाखवणार ते मला ठाऊक आहे. साडूभाऊ शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानातून घरी येईपर्यंत टपाल येऊन गेलेलं असतं, आणि त्यांच्या हातात पत्र पडलंच तर पहिल्या दोन ओळींतच ते कागदाच्या प्रतीवर बोलायला लागतात. म्हणजे वाचणार तुमच्याकडे आलेली धाकटीच. म्हणून मी अशी सोय केली आहे की तुमच्यासाठी आहे ते उघड लिहितो आणि तिच्यासाठी आहे ते कंसात. कंसातलं मोठ्यानं वाचायचं नाही. वरचा नमस्काराचा कंस तेवढा धरू नये, तो सवयीनं पडला. (आता हा तुझा पहिला. वाचतेयस ना? मोठ्यानं वाचलंस तरी माझी हरकत नाही. हरकत घेण्याएवढी ताकद राहिलेली नाही.)

फोन का केला नाही, असं तुम्ही विचाराल. केला की. पण फोनवर धाकटी फक्त "बरं" म्हणते. तिच्या "बरं"मध्ये किती प्रकार आहेत ते तुम्हाला लहानपणापासून माहीत असणार. मला आतापर्यंत दोन-तीनच ओळखता येत होते. सध्या जे चालू आहे ते त्यांतलं नाही. त्या "बरं"च्या मागून फोन ठेवल्याचा आवाज येतो, आणि मी रिकामा फोन कानाला लावून दारापुढच्या बाकावर बसून राहतो. शेवटी म्हटलं, पत्रच लिहावं. पत्राला "बरं" म्हणायला निदान ते संपावं लागतं.

तर मूळ हकिकत. धाकटीनं तुम्हाला सांगितली असेलच, पण तिची हकिकत म्हणजे चार शब्द आणि एक उसासा, म्हणून मी सविस्तर सांगतो. गेल्या हंगामात संशोधन केंद्राच्या लोकांनी आमच्या भागात पाहणी काढली होती. विषय असा की आमच्यासारखे तुकड्यातुकड्यानं जमीन असलेले लोक मका पिकवतात तो किती कार्यक्षमतेनं, आणि एकाचं पीक चांगलं का येतं व दुसऱ्याचं का येत नाही. शिक्षणामुळे? वयामुळे? बियाण्यामुळे? शेत रस्त्याला लागून असल्यामुळे? घरात माणसं जास्त असल्यामुळे? विषय चांगला होता. मीही पूर्वी या विषयावर बाकावर बसून पुष्कळ बोललेलो आहे.

त्या दिवशीही मी बाकावरच होतो. गिरणीचा वजनकाटा बंद पडून मी घरी बसल्यापासून बाक ही माझी जागा झाली, हे तुम्ही पाहिलंच आहे. हातात चहा होता. पाहणीवाल्या बाई आल्या, वयानं लहान, बुटांना चिखल, चेहरा उन्हानं उतरलेला. त्यांना मी अर्धा चहा दिला आणि त्यांनी प्रश्न विचारायला घेतले. शेती कोण करतं? जमीन माझ्या नावावर आहे, म्हणून म्हणालो, मी. मजूर किती लावता? एकही नाही. हेही खरंच होतं. खत विकत किती घेता? काहीच नाही. (ते आणायला जायचं माझ्याकडून राहून गेलं होतं, हे त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. तू मागच्या गोठेवाल्याकडून टोपल्या भरभरून शेणखत आणलंस आणि बदल्यात त्याला मक्याची ताटं दिलीस, हे विकत घेण्यात बसत नाही, असं मला त्या वेळी प्रामाणिकपणे वाटलं.) बियाणं किती? अगदी थोडं, कारण आमच्याकडे ते पेरत नाहीत, बोटानं टोचतात, आणि जिथं उगवलं नाही तिथं पुन्हा टोचतात. हे "टोचतात" कोण, ते मराठीत सांगावं लागत नाही. मग त्यांनी विचारलं, घरातलं कोण कोण शेतात राबतं? त्याच वेळी शेजारचा पंप चालू होता, त्यामुळे मला ऐकू आलं की घरात कोण कोण असतं. मी म्हणालो, "मी आहे की."

(पंप बंद होता.)

बाईंनी लिहून घेतलं: माणूस एक. रस्त्यापलीकडच्या तुकड्यात मक्याच्या शेंड्यांवर एक टोपी वरखाली होत होती. बाईंची त्या बाजूला पाठ होती. माझी नव्हती.

पुढं काही महिन्यांनी निकाल लागला. सगळ्या भागातला सर्वांत कार्यक्षम मका उत्पादक म्हणून माझं नाव पहिलं. मला वाटलं, दुसऱ्या कोणाचं असेल. पण मोठे साहेब, म्हणजे त्या बाईंचे वरिष्ठ, स्वतः गाडी घेऊन घरी आले आणि त्यांनी मला कार्यक्षमता समजावून सांगितली. किती मका निघाला हा प्रश्न नाही, ते म्हणाले, किती घालून किती निघाला हा प्रश्न आहे. हे मला लगेच समजलं. सगळं आयुष्य मी तेच केलं. भरलेली गाडी काट्यावर घ्यायची, मग रिकामी घ्यायची, फरक तो माल. आमच्या शेताच्या बाबतीत गाडी जाताना जवळपास रिकामी होती: मजूर नाही, खत नाही, बियाणं चिमूटभर, आणि बाकावर बसलेला एक माणूस. आणि येताना ती भरून आली होती. असा फरक त्यांच्या आकडेमोडीत दुसऱ्या कोणाच्याच शेतात दिसला नव्हता. साहेब माझ्याकडे अशा नजरेनं पाहत होते की मलाही आपण काहीतरी करत असू असं वाटू लागलं.

आमच्या शेजारी पंपवाला राहतो, त्याला तुम्ही ओळखता, मागच्या खेपेला त्यानं तुम्हाला भोपळा दिला होता. चांगला माणूस. त्याच्याकडे पंप आहे, तो महागाचं बियाणं आणतो, प्रत्येक प्रशिक्षणाला पहिल्या रांगेत बसतो, मजूर लावतो, मातीसुद्धा तपासून आणतो. त्याचा मका आमच्यापेक्षा जास्तच निघतो. पण घातलेलं इतकं होतं की यादीत तो जवळपास तळाला गेला. निकालाच्या दिवसापासून तो बांधावरून जाताना आभाळाकडे पाहत जायला लागला. एकदा तसाच पाटात पडला. मी हात दिला तर माझा हात सोडून मक्याचं ताट धरून उठला.

मग सत्कार. बाजाराच्या गोदामात खुर्च्या मांडल्या होत्या, माईक होता, आणि बक्षीस म्हणून पाठीवर अडकवायचा नवा फवारणी पंप. धाकटी तिसऱ्या रांगेत बसली होती. बोलायचं असं मी काहीच ठरवलेलं नव्हतं, हे तुम्ही मनापासून मानावं अशी विनंती आहे. पण अक्का, जो माणूस वर्षानुवर्षं काट्याच्या खिडकीतून "भरलेली की रिकामी?" एवढाच प्रश्न विचारत आला, त्याच्या तोंडापुढे माईक आला की त्याचं काय होतं हे त्याचं त्यालाही सांगता येत नाही. मी जमिनीविषयी बोललो. घामाविषयी बोललो. कोणाच्या ते नेमकं सांगितलं नाही. आणि शेवटी, लोक उठायच्या बेतात आहेत हे पाहून, म्हणालो, "हा मका मी एकट्यानं पिकवलाय." टाळ्या पडल्या. तीही वाजवत होती. इतरांच्या थांबल्यावरही थोडा वेळ वाजवत होती.

घरी येताना बसमध्ये पंप तिच्या मांडीवर होता, कारण माझ्या हातात मानपत्राची चौकट होती. मी विचारलं, जड आहे का. ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "हलका आहे. तुम्हाला एकट्याला उचलता येईल."

दुसऱ्या दिवशी तिनं पिशवी भरली. तुमच्या डोळ्याचं ठरलेलंच होतं, त्यामुळे मला काही बोलायला जागाच नव्हती. या हंगामाचा मका तेव्हा जेमतेम वीतभर झाला होता. मी दारात उभा राहून विचारलं, शेताचं काय? ती चपलेचा पट्टा बांधत होती. वर न पाहता म्हणाली, "तुम्ही आहातच की."

(हे वाक्य तू कुठून घेतलंस ते मला कळलं. म्हणजे त्या दिवशी टोपी जरा वेळ हलायची थांबली होती, ती त्यासाठी.)

आता या हंगामाचं सांगतो. सावकाश सांगतो, कारण हात दुखतो. ती गेली त्याच आठवड्यात पाहणीवाल्या बाई पुन्हा आल्या. साहेबांनी ठरवलं होतं की पहिल्या आलेल्या शेतकऱ्याची पद्धत जवळून पाहायची, म्हणजे ती इतरांना शिकवता येईल. त्यासाठी त्या अधूनमधून येणार, बांधावर बसणार, मी काय करतो ते टिपणार. रस्त्याच्या कडेला एक फळाही लावला, त्यावर माझं नाव आणि "एकल कार्यक्षम शेती" अशी अक्षरं. एकल म्हणजे काय, असं येणारेजाणारे विचारू लागले. शाळेतल्या मास्तरांनी सांगितलं, एकटा पडलेला. त्यानंतर विचारणं बंद झालं.

पद्धत दाखवायची म्हणजे शेतात जायला हवं. मी गेलो. अक्का, तुम्हाला खोटं वाटेल, पण इतकी वर्षं माझी समजूत अशी होती की आपल्या शेतात तण येतच नाही. पंपवाल्याकडे येतं, गोठेवाल्याकडे येतं, आपल्याकडे नाही. आपल्या मातीचा गुण, असं मी पाहुण्यांना सांगतही असे. धाकटी जाऊन थोडे दिवस झाले आणि मातीनं तो गुण सोडला. सगळीकडे हिरवं. मी खुरपं घेऊन बसलो. लहान असताना मका आणि गवत यांच्यात इतकं साम्य असतं की हे मला आधी कोणीतरी सांगायला हवं होतं. एक अख्खी ओळ साफ केल्यावर मागं वळून पाहिलं तर ती खरोखरच साफ झालेली होती. बाईंनी विचारलं, एवढी विरळणी करता? मी म्हणालो, हो, हवा खेळायला. त्यांनी लिहून घेतलं. हा मजकूर आता कुठल्यातरी पुस्तिकेत छापला जाईल आणि दुसऱ्या कुठल्यातरी शेतात हवा खेळू लागेल, याची मला फार काळजी वाटते.

मग पोंग्यात अळी पडली. पोंगा म्हणजे मक्याच्या मधला नवा पानांचा गुंडाळा, अळी त्यात शिरून बसते आणि वरून पाहिलं तर फक्त भुसा दिसतो. मी म्हटलं, आता बक्षिसाचा पंप कामाला येईल. त्या दिवशी नेमके साहेबही आले होते. मी तोंडाला फडकं बांधलं, डोळ्यांना साडूभाऊंनी दिलेला तो वेल्डिंगच्या जोडकामाचा चष्मा लावला, पंप पाठीवर घेतला आणि दोन्ही तुकडे फवारून काढले. कंबर तिथंच गेली. साहेबांनी फोटो काढले. नळी मध्येच तुंबली, ती फुंकून साफ केली, पुन्हा चालू. सगळं आटोपून घरी आलो तर औषधाची बाटली टेबलावर, बूच न उघडलेली. म्हणजे सबंध शेताला मी मोठ्या निगुतीनं स्वच्छ पाण्याची आंघोळ घातली होती. अळ्यांचा कंटाळा गेला असावा, कारण पुढच्या आठवड्यात त्या दुपटीनं जेवू लागल्या. साहेबांना सांगायचा धीर झाला नाही. त्यांनी स्वतःच बाईंना सांगितलं की या शेतकऱ्याचा औषधाचा खर्च पाहा किती कमी आहे.

मजूर लावावेत म्हणून आळीतल्या दोघातिघांकडे गेलो. ते फळ्याकडे बोट दाखवून हसले. एकानं तर फार आदरानं सांगितलं की तुमचं नाव खराब व्हायला आम्ही कारण होणार नाही.

इथवर जे झालं ते मी सोसलं. खरी पंचाईत पुढं झाली. मक्याला तुरे आले, कणसांना रेशमासारखे केस सुटले, आणि ऊन असं तापलं की पानं दुपारी गुंडाळ्या होऊन उभी राहायची. हे दिवस पाण्याचे असतात. आता पाणी चुकलं तर कणसात दाणा भरत नाही, एवढं मलाही माहीत होतं, कारण हे मी इतरांना बाकावरून सांगत आलोय. आमच्याकडे पंप नाही. तरी दर वर्षी या दिवसांत शेत ओलं असायचं. कसं, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. पाणी येतंय म्हटल्यावर ते कुठून येतं असं कोण विचारतं? या वर्षी ते आलं नाही. मी बांधावर उभा राहून वाट पाहिली. पाट कोरडा. पंपवाल्याचा पंप मात्र चालू होता, पाणी त्याच्या सऱ्यांतून झुळझुळ जात होतं, आमच्या बांधापर्यंत येत होतं आणि तिथं मातीच्या एका ढेकळानं अडत होतं.

मी त्याच्याकडे गेलो. फार अवघड गेलं. तो ओसरीत बसला होता, सांधेदुखीनं सुजलेली बोटं कोमट पाण्यात बुडवून. मी इकडचं तिकडचं बोललो, हवामानावर बोललो, मग म्हणालो, दर वर्षीसारखं पाणी सोडशील का. निकालानंतर तो माझ्याशी पहिल्यांदाच बोलला.

"पाणी मी वहिनींना देत होतो," तो म्हणाला. "तुम्हाला कधी दिलं होतं?"

मग हळूहळू सगळं कळलं. त्याच्या बोटांना पोंग्यातली अळी चिमटीत धरता येत नाही, मजूर ते काम नीट करत नाहीत. म्हणून धाकटी सकाळी आधी त्याच्या बांधालगतच्या ओळी तपासायची, अळ्या वेचायची, पोंग्यात चिमूट चिमूट राख टाकायची, मग आमच्या शेतात यायची. त्याबदल्यात तो आमच्याकडे पाणी वळवायचा आणि ती दारं धरायची, म्हणजे एकेक सरी फोडून पाणी फिरवायची. असं किती वर्षं चाललंय, ते मी त्याला विचारलं नाही. तो आपणहून म्हणाला, त्या आल्या की सोडतो. मी म्हणालो, त्या केव्हा येणार ते त्यांनाच माहीत. यावर त्यानं बोटं पाण्यातून काढून पुसली आणि माझ्याकडे नीट पाहिलं. मला वाटतं, त्याचा राग तिथंच संपला. माझ्याकडे पाहून आता कोणाचाच राग टिकत नाही.

ठरलं ते असं की तिच्या जागी मी. सकाळी उठायचं, त्याच्या ओळीत शिरायचं, प्रत्येक पोंगा उघडायचा. पहिल्या दिवशी अळी बोटात आली तेव्हा मी ती टाकून मागं पळालो आणि त्याची दोन ताटं मोडली. त्यानं मोडलेली ताटं फक्त गोठेवाल्याकडे पाठवली. मक्याच्या पानाला धार असते हेही मला तेव्हाच कळलं. हातांवर, मानेवर, कानावर बारीक बारीक ओरखडे, आणि त्यांत घाम गेला की जे होतं ते. (तू पूर्ण बाह्यांचा माझा जुना सदरा घालून शेतात का जातेस, असं मी एकदा विचारलं होतं. माझा सदरा खराब होतो, असंही म्हणालो होतो. तू काय उत्तर दिलं होतंस ते आठवत नाही. "बरं" म्हणाली असशील.)

पाणी आलं. उशिरा आलं, पण आलं. एका सकाळी मी पंपवाल्याच्या ओळीत ओणवा होतो आणि बांधावर पाहणीवाल्या बाई येऊन उभ्या राहिल्या. म्हणजे यादीत पहिला आलेला शेतकरी यादीत तळाला गेलेल्या शेतकऱ्याच्या रानात राबत होता, आणि हे टिपायचं कोणत्या रकान्यात हे त्यांना सुचत नव्हतं.

"हे तुमचं शेत नाही," त्या म्हणाल्या.

"नाही."

"मग इथं काय करताय?"

मी म्हणालो, पाणी मिळवतोय. मग सांगितलंच सगळं. लपवायलाही सरळ उभं राहावं लागतं, ते मला जमत नव्हतं. अळ्यांचं सांगितलं, राखेचं सांगितलं, शेणखताच्या टोपल्या, बोटानं टोचलेलं बियाणं, तण, आंघोळ घातलेली फवारणी, सगळं. बाई बांधावर बसल्या. त्यांनी बूट काढून आतला चिखल झटकला. मग विचारलं, "त्या रोज किती तास काम करतात?"

अक्का, काट्यावर असताना गाडी वळणावर दिसली की मी वजन सांगायचो. लोक पैज लावायचे. आणि इथं एक साधा आकडा मला सांगता येईना. बाई म्हणाल्या, अंदाजानं सांगा. मी म्हणालो, मी उठतो तेव्हा ती घरात नसते. परत कधी येतात? जेवायच्या वेळी जेवण तयार असतं, म्हणजे त्याच्या आधी कधीतरी येत असावी. जेवल्यावर? जेवल्यावर मी जरा पडतो, म्हणून सांगता येत नाही. त्या हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "आणखी किती घरी मी 'माणूस एक' लिहून आले असेन, कोण जाणे." आणि बराच वेळ बुटांच्या नाड्याच बांधत बसल्या.

साहेबांना हे फारसं रुचलं नाही. अहवाल पुढं गेला होता, त्यांचं त्यावर कुठंतरी भाषणही ठरलं होतं. ते घरी आले, बाकावर बसले आणि मोठ्या मायेनं म्हणाले, त्यात काय एवढं, तुमच्या मिसेस मदत करतात अशी एक ओळ टाकू. मी म्हणालो, नको. मदत मी करतो. कधीमधी. तुम्ही नाव काढा. ते म्हणाले, पहिलं नाव असं काढता येत नाही. मी म्हणालो, मग माझ्या जागी दुसरं लिहा, आडनाव बदलावं लागणार नाही. ते उठून गेले. चहा तसाच राहिला. मी बाकावर बसून तो पिऊन टाकला आणि शेतात गेलो.

फळा मी काढला. चांगला जाड पत्रा आहे. पलीकडच्या तुकड्यात पाटाचा काठ फुटला होता तिथं आडवा रोवलाय, पाणी छान अडतं. अक्षरं मातीच्या बाजूला.

आता कणसं धरली आहेत. पंपवाल्याच्या बाजूची बरी भरली. रस्त्याकडच्या तुकड्यात मात्र कणीस सोललं की दात पडलेलं म्हातारं तोंड दिसतं, मध्येमध्ये दाणाच नाही. जिथं मी हवा खेळवली तिथं तर कणीसच नाही. बरं चालू होतं म्हणेपर्यंत पाखरं आली. दिवसभर मी मधोमध उभा राहून हात हलवतो. पहिल्या दिवशी ती उडाली, आता ओळखतात. एक तर टोपीवर बसलं. (तुझी टोपी घालतो मी. माझी कुठं आहे माहीत नाही, आणि तुझ्या टोपीला पुढच्या बाजूला जी शिवण घातलीय त्यामुळे डोळ्यांवर सावली बरोबर पडते. ही शिवण कधी घातलीस? मी तिथंच असणार.)

तर असं आहे. तक्रार काही नाही. धाकटीला पाठवायची अजिबात घाई करू नये, आधी तुमचे डोळे. घर ठीक आहे. मी वेळेवर जेवतो, कारण जेवलो की झोपच लागते आणि झोपलो की भूक कळत नाही. माणसानं दमावं म्हणतात ते खरं असेल, पण इतकं दमावं का, यावर कोणी पाहणी केलेली नाही.

साडूभाऊंना सांगा, त्यांचा चष्मा सुखरूप आहे. फक्त त्यातून आता सगळं जरा हिरवं दिसतं.

तुमच्या धाकट्या बहिणीचा नवरा
(सध्या माझी एवढीच ओळख शिल्लक आहे.)

ता. क. : एक काम राहिलंच. पाहणीवाल्या बाईंना आकडे दुरुस्त करायला धाकटीच्या कामाचे तास हवे आहेत. रोजचे, कामवार: खुरपणी किती, अळ्या किती, खत वाहणं किती, दारं धरणं किती. त्या येत्या आठवड्यात येतील. एवढं सगळं पत्रात मावायचं नाही, तेव्हा ती स्वतः येऊन सांगेल तर बरं पडेल. दोनचार दिवसांचाच प्रश्न आहे. थेंब घालायला साडूभाऊ आहेत. शिलाई मशीनला तेल घालून घालून त्यांचा हात अगदी थेंबाला सरावलेला आहे.

दुसरा ता. क. : हे पत्र सकाळी पाकिटात घातलं होतं, आता पुन्हा उघडलं. वरचा ता. क. खरा नाही. पाहणी संपली. बाई मागच्या आठवड्यातच येऊन गेल्या, माझं नाव यादीतून निघालं, तासांच्या जागी त्यांनी "माहीत नाही" असं लिहून काम बंद केलं. आता तुझे तास कोणीही विचारत नाहीये.

मीच विचारतोय.